प्रोग्राम गेला, पण राइट-क्लिकमधून हलेना! तुमचे अनुभव सांगा

जळगावहून, धागा काढणारा

लग्नसराईआधी दुकानातल्या कॉम्प्युटरची साफसफाई काढलीय. पत्रिका, बॅनर, झेरॉक्स असं माझं बारकं डीटीपीचं दुकान. ट्रायलवर घेतलेला एक अँटीव्हायरस गेल्या दिवाळीतच अनइन्स्टॉल केला, पण फाइलवर राइट-क्लिक केलं की त्याची 'स्कॅन करा' ही ओळ अजून येते. दाबली तर ढिम्म. फोल्डरवर झिपच्या एका जुन्या सॉफ्टवेअरच्या तीन ओळी आहेत, त्या दाबल्या की प्रोग्राम सापडत नाही म्हणून बोंब. काल पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले आबा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "इतलं सगळं कसाले लागस रे भो?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

कंट्रोल पॅनेलमध्ये दोघांचंही नाव नाही. तुम्ही कसं काढलंत? काही बिघडवलं असेल तर तेही लिहा, लाजू नका.

अमळनेरहून

फोटो स्टुडिओ आहे माझा. ओळ नुसती पडून असती तर मी तिच्याकडे बघितलंही नसतं. पण माझ्याकडे फोटोवर राइट-क्लिक केलं की गोल चक्र फिरायचं आणि मी तोंडाने आकडे मोजायचो. बारा-तेरापर्यंत जायचे. हळदीच्या फोटोंतून दोनशे निवडायचे असले की विचार करा. रॅम वाढवली. पैसे गेले, चक्र तसंच.

मग शेलएक्सव्ह्यू नावाचं फुकट टूल मिळालं, निरसॉफ्टचं. विंडोज ६४ बिट असेल तर टूलही ६४ बिटचंच घ्या. मी आधी ३२ वालं घेतलं आणि यादीत हवं ते दिसेना म्हणून एक संध्याकाळ घालवली. मायक्रोसॉफ्टबाहेरच्या नोंदी त्यात गुलाबी पट्ट्यात दिसतात. त्यातल्या कॉन्टेक्स्ट मेनूवाल्या, म्हणजे राइट-क्लिकच्या, अर्ध्या निवडून एफ७ दाबून बंद केल्या, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर (फाइल-फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम) रीस्टार्ट केला, राइट-क्लिक करून पाहिलं. फरक नाही म्हटल्यावर एफ८ने त्या चालू केल्या आणि उरलेल्या अर्ध्या बंद. असं निम्मं-निम्मं करत चौथ्या फेरीत चोर सापडला. अल्बम डिझाइनचं सॉफ्टवेअर, दोन वर्षांपूर्वी काढलेलं. त्याची डीएलएल, म्हणजे प्रोग्रामच्या कोडची एक फाइल, मागे राहिली होती आणि मेनू उघडायच्या आधी एक्सप्लोरर दर वेळी तिला हाक मारायचा. ती बंद केल्यापासून मेनू झटक्यात येतो.

धागावाल्या भाऊंसाठी: तुमच्या ओळी दोन जातीच्या दिसतात. झिपच्या ओळी म्हणजे रजिस्ट्रीत, विंडोजच्या सेटिंगच्या वहीत म्हणा, लिहिलेली साधी आज्ञा. प्रोग्राम गेला तरी लिहिलेलं तसंच राहतं, म्हणून दाबल्यावर बोंब. अँटीव्हायरसची ओळ डीएलएल दाखवत असणार. ती ओळ अजून दिसते म्हणजे डीएलएलही डिस्कवर कुठेतरी आहे.

भुसावळहून

माझी ओळ 'सेंड टू'मध्ये होती. तासभर रजिस्ट्री उपसली. शेवटी रनमध्ये इंग्रजीत शेल:सेंडटू लिहिलं, फोल्डर उघडलं, शॉर्टकट डिलीट. रजिस्ट्रीचा संबंधच नव्हता.

शहाद्याहून

शाळेच्या लॅबमध्ये मी केलेला पराक्रम सांगतो. व्हिडिओ बघून रजिस्ट्री बदलायचं रेजएडिट उघडलं, त्यात क्लासेस रूटखाली 'डिरेक्टरी', त्यात 'शेल'. नको ती ओळ उडवली, इथवर ठीक. पण उजवीकडे 'डिफॉल्ट'ही दिसला, तोही मला कचराच वाटला, पुसला. दुसऱ्या दिवशी सातवीची पोरं फोल्डरवर डबल-क्लिक करतात तर काळी कमांडची खिडकी! पोरांना वाटलं सरांनी हॅकिंग शिकवायला घेतलं.

त्या डिफॉल्टमध्ये इंग्रजीत 'नन' लिहिलेलं असतं, एन-ओ-एन-ई, आणि ते तिथे लागतं. परत लिहिल्यावर फोल्डर सरळ उघडायला लागले. तेव्हापासून काहीही उडवायच्या आधी त्या कीवर (रजिस्ट्रीतल्या फोल्डरला की म्हणतात) राइट-क्लिक, एक्स्पोर्ट, फाइल डेस्कटॉपवर. चुकलं तर त्या फाइलवर डबल-क्लिक करायचं, उडवलेली की परत जागेवर.

रावेरहून

केळीचा हिशोब ज्या लॅपटॉपवर ठेवतो त्यात विंडोज ११ आहे. त्यात दोन मेनू असतात, वरचा आटोपशीर नवा आणि 'आणखी पर्याय' किंवा शिफ्ट-एफ१० दाबल्यावर येणारा जुना. मी जुन्यातली ओळ रजिस्ट्रीतून काढली, नव्यातली हटेना. मोबाइल बॅकअपच्या त्या प्रोग्रामसोबत एक छोटं वेगळं ॲप आलं होतं आणि नवी ओळ त्याची होती. सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीतून ते काढलं तेव्हा गेली.

धुळ्याहून

मी म्हणतो, मेनू पटकन उघडत असेल तर राहू द्या ना पडून. भाकरी मागते का ती ओळ? मी अशा ओळी काढायला एक क्लीनर टाकला. त्याने काय काढलं देव जाणे, पण रिसायकल बिनवर स्वतःची ओळ लावून बसला. क्लीनर अनइन्स्टॉल केला. ओळ आहे अजून.

जळगावहून, धागा काढणारा

धुळेकर, हसून हसून पुरेवाट झाली.

झिपच्या तिन्ही ओळी शहादेकर सरांच्याच 'डिरेक्टरी'च्या 'शेल'मध्ये निघाल्या. एक्स्पोर्ट करून उडवल्या, डिफॉल्टला हात लावला नाही. अँटीव्हायरसवाली क्लासेस रूटमध्ये तारांकन (*) नावाच्या कीत, मग 'शेलएक्स', मग 'कॉन्टेक्स्टमेनूहँडलर्स'. तिथे महिरपी कंसातला लांबलचक ओळख-नंबर होता. तो कॉपी करून 'सीएलएसआयडी'खाली शोधला, त्यातल्या 'इनप्रॉकसर्व्हर३२'मध्ये पत्ता मिळाला. प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन बघतो तर फोल्डरमध्ये एकटी डीएलएल बसलेली. डिलीट करायला गेलो तर म्हणे फाइल वापरात आहे. वापरणारा कोण, तर एक्सप्लोररच! हँडलर्समधली की उडवली, मशीन रीस्टार्ट केलं, मग डीएलएल मुकाट्याने गेली.

आबा आज पत्रिका न्यायला आले तेव्हा मुद्दाम राइट-क्लिक करून दाखवलं. त्यांचं लक्ष पत्रिकेतल्या मामांच्या नावाकडे. काना राहिला होता.

आता 'न्यू'च्या मेनूत एका जुन्या सॉफ्टवेअरची फाइल दिसते, तेवढी उरलीय. अमळनेरकर, ती त्या एक्स्टेंशनखालच्या 'शेलन्यू' कीत असते ना?

अमळनेरहून

हो. एक्स्पोर्ट केलं का?

जळगावहून, धागा काढणारा

थांबा, करतो.