मदत हवी आहे : पावसाळ्यात सोसायटीच्या खताच्या हौदाला वास, बंद करायचा ठराव येतोय

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमची अठ्ठावीस फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. पार्किंगच्या मागच्या भिंतीलगत विटांचे दोन जाळीदार हौद आहेत, वर पत्र्याचं झाकण. उन्हाळाभर झकास चाललं. जून सरता सरता वास सुरू झाला आणि आता पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीच उघडत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही, मलाही खाली गेलं की नाकाला ओढणी लावावी लागते. येत्या सभेत हौद बंद करून सगळा ओला कचरा परत बाहेर द्यायचा ठराव आहे. सेक्रेटरींचं म्हणणं, तोवर वास गेला तर ठराव मागे घेऊ.

नेमकं काय होतंय ते सांगते. वरचा थर बरा दिसतो : मक्याच्या कणसांची सालं, चहाचा चोथा, उरलेला भात. दाताळं वीतभर खाली घातलं की काळा चिकट लगदा वर येतो आणि नासक्या अंड्याचा भपकारा. चपट्या, राखाडी अळ्या बक्कळ. खालच्या विटांतून तपकिरी पाणी पाझरून स्कूटरींच्या चाकांपर्यंत ओघळ येतो. रोज साधारण दोन बादल्या कचरा पडतो आणि आठवड्याला कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक दाबलेली वीट भिजवून वर पसरतो. शेणखत, आंबट ताक, गूळपाणी सगळं शिंपडून झालं.

प्रश्न असे :
वास कसा घालवायचा? अळ्यांवर फवारणी करावी का? एका सभासदांनी 'चोवीस तासांत खत' करणारं विजेचं मशीन सुचवलंय, ते घ्यावं का? आणि खर्च भागवायला सुका कचरा परस्पर भंगारवाल्याला विकावा असाही एक सूर आहे. अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद :
भिजवलेलं कोकोपीट, तेही जुलैत? तिथेच घोडं पेंड खातंय. ती वीट पाणी पिऊन कितीतरी पट फुगते. बादलीतच पाणी पाजलंत तर हौदातलं पाणी कोण शोषणार? हातोडीने फोडा, चुरा करा आणि कोरडीच टाका. आणि ते ताक-गूळपाणी आधी थांबवा. विरजण कमी पडलेलं नाही, हवा कमी पडलीय. लगद्यात हवा शिरली नाही की बिनहवेचे जीवाणू माजतात, नासक्या अंड्याचा वास त्यांचाच.

आतला मूठभर माल घट्ट पिळून बघा. एकदोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर पाणी जास्त. चांगल्या खतात ओल ५० ते ६० टक्के लागते, आणि कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३०ला १. भाजीपाला-भातात नायट्रोजन भरपूर असतो, कार्बन कोरड्या पाल्यातून नाहीतर भुशातून येतो. म्हणून बादलीभर ओल्याला किमान बादलीभर कोरडं, पावसाळ्यात दीड. भुसा सुताराकडून आणा, पण प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो.

आत्ता एक हौद पूर्ण बंद ठेवा. त्यातला लगदा पाऊस लागणार नाही अशा जागी ताडपत्रीवर उपसा, भुसा मिसळा, तळाला बोटाएवढ्या काटक्यांचा थर देऊन परत भरा. उपसताना भयंकर वास येईल, रविवारी सकाळी करू नका. पत्रा भिंतीपासून हातभर पुढे काढा, पावसाची झड आत जात असणार.

अळ्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्यांची माशी काळी, लांबट असते. चावत नाही, जेवणावरही घोंगावत नाही. अळ्या तुमचाच कचरा फस्त करतायत, औषध मारलंत तर खतात विष जाईल. माल कोरडा झाला की त्या आपोआप कमी होतात.

प्रतिसाद :
मशीनच्या नादी लागू नका. त्यातली बरीच मशीनं कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. भुकटी दिसते छान, पण कुंडीत घालून पाणी दिलं की परत कुजायला लागते. शेवटी ती मुरवायला हौद लागतोच, वर विजेचं बिल.

तुमच्या आवारात झाडं नाहीत का? पुण्यात फेब्रुवारी ते एप्रिल पाल्याचा खच पडतो. तेव्हा पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवला तर पावसाळा निघतो. गुलमोहराची बारीक पानं लवकर जिरतात, आंब्या-फणसाची चिवट असतात, ती चुरून घ्या. आमच्याकडे पूर्वी पाला जाळायचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये दंड ठेवला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. तो कागद नोटीस बोर्डावर लावला आणि काडी लावणं थांबलं. 'ब्राऊन लीफ' म्हणून पुण्यातला उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला आहे आणि ज्यांना हवाय त्यांची गाठ घालून देतात. तिथे विचारा.

आणि एक स्पष्ट विचारतो, हौदातला माल खालीवर हलवतं कोण?

प्रतिसाद :
सुक्या कचऱ्याबद्दल. 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. दारोदार येणाऱ्या ताईंना महिन्याचे पैसे मिळतात खरे, पण कमाईचा मोठा भाग पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकून येतो. त्यातलं विकण्याजोगं तुम्ही काढून घेणार आणि मळकं प्लॅस्टिक नि डायपर तेवढे त्यांच्या पदरात टाकणार, हे बरं दिसत नाही. दुधाच्या पिशव्या तरी धुऊन वाळवून द्या. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही.

प्रतिसाद :
ठरावाआधी मालमत्ता कराचं बिल काढून बघा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल प्रकल्पाला करात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १० टक्के. प्रकल्प चालू असेल तरच, पाहणी होते. रोज १०० किलोच्या वर कचरा निघत नाही तेव्हा मोठ्या सोसायट्यांसारखी ओला कचरा आवारातच जिरवायची सक्ती तुम्हाला नसावी, पण हौद बंद केलात आणि सवलत गेली तर सभेत तेच लोक ओरडतील.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. कोकोपीट आजपासून कोरडं. मशीनचा विषय मी सभेत घेणार नाही, सुका कचरा ताईंकडेच राहील. बिलात सवलत दिसतेय, त्याची झेरॉक्स सेक्रेटरींना दिली, चेहरा बदलला त्यांचा.

हौदातला माल कोण हलवतं, याचं उत्तर म्हणजे कोणीच नाही. झाडलोट करणारे काका झाकण उघडून ओततात, बस. त्यांना या कामाचे पैसेच आपण देत नाही, मग ते दाताळं का धरतील? महिन्याचे वेगळे पैसे आणि हातमोजे-गमबूट, एवढं मी अजेंड्यावर घालतेय. इतर ठिकाणी किती देतात ते कळलं तर आकडा मांडता येईल.

शिवाय कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात कोणाकडे कोरडा पाला पोत्यांत उरला असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टेम्पो आमचा, पोती परत आणून देऊ.