छोट्या अनुदानासाठी यंत्र नको, उपक्रम मांडा

सहावी ते आठवीच्या मुलांच्या शाळा सुटल्यावरच्या विज्ञान वर्गासाठी अनुदान मागताना थेट थ्रीडी प्रिंटर मागावा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. रक्कम छोटी असली की देणारे बहुधा मुलं काय करणार हेच आधी पाहतात. '20 मुलं 10 आठवडे मायक्रोबिटवर तापमान नोंदवून आलेख काढतील' इतकं स्पष्ट वाक्य अर्जाच्या सुरुवातीलाच हवं. (मायक्रोबिट म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठीचा तळहातावर मावणारा छोटा संगणक. तो स्वतःच्या प्रोसेसरचं, म्हणजे आतल्या मुख्य चिपचं तापमान मोजतो, त्यामुळे आकडा हवेपेक्षा थोडा जास्त येतो. तो का येतो हे मुलांनाच शोधू द्या, सुंदर प्रयोग होतो.)

अंदाजपत्रकात सेल, वायरी, तुटणारे सुटे भाग नक्की धरा. पहिल्या वर्षी आमचे सेल संपले आणि वर्ग 3 आठवडे अडला. मुलं रोज दारात येऊन विचारून जायची, फार वाईट वाटायचं.

मानधन आणि प्रवासखर्च काही देणगीदार देत नाहीत, नियम आधी वाचा. मुख्याध्यापकांचं खोली वापरण्याच्या परवानगीचं पत्र जोडाच. आणि पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावत जा, अहवाल लिहिताना त्या शोधत बसावं लागणार नाही.