गोरिंगचा ‘लॉक’: जलपाश की बंधारा?

इंग्लंडमधल्या थेम्स नदीकाठचं गोरिंग आणि समोरचं स्ट्रीटली, या गावांचा इतिहास मराठीत आणतेय. १६७४ च्या जुलैमध्ये गोरिंगची जत्रा आटोपून स्ट्रीटलीकडे निघालेली नाव उलटली आणि सुमारे ६० माणसं बुडाली. बायका, मुलंसुद्धा. त्या वेळी छापलेल्या पत्रकात ती ‘लॉक’मध्ये बुडाली असं म्हटलंय. पनामा कालव्यामुळे भूगोलातला ‘जलपाश’ आठवतो. तोच वापरू ना?

— नको, इथे अजिबात नको. नावेला दोन दारांमध्ये घेऊन पाणी चढवणारा-उतरवणारा जलपाश गोरिंगला झाला १७८७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी. त्याआधी थेम्सवर ‘लॉक’ म्हणत ते बंधाऱ्यालाच, त्यातल्या उघडता येणाऱ्या वाटेसकट. कोल्हापुरी बंधारा पाहिलेल्याला हे चटकन कळेल. आपण खांबांच्या खाचांत बरगे घालतो, तशा तिथे उभ्या दांड्यांना टेकवून फळ्या लावत. होडी आली की फळ्या काढायच्या. तुंबलेलं पाणी लोंढ्यानं सुटायचं, खाली जाणारी होडी त्याच्याबरोबर निघायची. वर येणारीला मात्र दोर लावून ओढावं लागे. अशा पाण्याच्या ओढीत भरलेली नाव सापडली तर काय होईल, ते ‘जलपाश’ वाचून डोळ्यांपुढे येतच नाही. ‘बंधाऱ्याचं दार’ लिहा.

आणि ‘फोर्ड’ला, म्हणजे नदी पायी ओलांडता येते त्या जागेला, ‘उथळ जागा’ लिहू नका, ‘उतार’ लिहा, कळकळीने सांगतो. ‘नदीला उतार आहे’ असं आपण म्हणतोच की! चिल्टर्न आणि बर्कशायर डाउन्स या खडूच्या टेकड्यांमधून थेम्स इथे वाट काढते. रिजवे आणि इकनील्ड वे या प्राचीन वाटा इथे येतात, त्या या उतारासाठी. स्ट्रीटलीच्या नावातही रस्ताच आहे: रस्त्याकाठची, रान तोडून केलेली मोकळी जागा.

— ‘फेरी’ला, म्हणजे होडीने नदीपलीकडे नेण्याच्या सोयीला, आमच्या कोकणात ‘तर’ म्हणतात. पण ‘१८३७ मध्ये पूल झाला, तर बंद झाली’ असं लिहिलंत की वाचणारा पहिल्या झटक्यात अडखळेल. ‘तरीची होडी’ म्हटलं की प्रश्न मिटतो.

— दोघांचेही मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय: ‘जत्रेहून परतणारी नाव बंधाऱ्याच्या दारापाशी उलटली.’ जलपाश १७८७ च्या प्रकरणासाठी राखून ठेवते.