एकाच प्लास्टिकच्या जगने सहा पेशंटच्या लघवीच्या पिशव्या रिकाम्या करणं: हे अज्ञान की नाइलाज?

भांडुपची लेक

वडिलांना मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. पूर्व उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात ते तेवीस दिवस होते आणि मी त्यांच्या पायथ्याशी स्टुलावर. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझ्या वडिलांसाठी जीव तोडून काम केलं आहे आणि मला त्यांना बदनाम करायचं नाही.

पहाटे पाचला आउटपुट, म्हणजे पेशंटला लघवी किती झाली ते मोजायचं. वॉर्डबॉय मामा हातमोजे घालून एका टोकाकडून सुरुवात करायचे. पिशवीची तोटी प्लास्टिकच्या जगच्या कडेला टेकवायची, लघवी जगमध्ये घ्यायची, आकडा सिस्टरला सांगायचा, जग बेसिनमध्ये रिकामा करायचा, पाण्याचा एक हबका मारायचा आणि पुढची खाट. सहा खाटांना जग तोच, हातमोजे तेच. वडिलांपाशी आले की मामा त्याच हातांनी त्यांची उशी सारखी करायचे, म्हणायचे, "बाबा, उठा, चहा येतोय." त्या आवाजातली माया मी कधी विसरणार नाही.

एकदा विचारलं, "मामा, हातमोजे बदलत नाही का?" ते म्हणाले, "ताई, नवीनच आहेत. माझ्या हाताला घाण लागू नये म्हणून असतात ते."

अकराव्या दिवशी वडिलांना थंडी वाजून ताप भरला. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. रिपोर्टवर अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी आणि जवळपास प्रत्येकापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू नाही. शेवटी कोलिस्टिनवर आले, दुसरं काही चालेना तेव्हाचं औषध. ताप उतरला, वडील घरी आले, पण किडन्यांवर ताण आला तो अजून आहे. शेजारच्या खाटेवरच्या काकांनाही आठवड्याभरात तोच रिपोर्ट आला. त्यांच्याकडून आमच्याकडे आला की आमच्याकडून त्यांच्याकडे, की दोघांना तिसऱ्याच कुठून, ते मी सिद्ध करू शकत नाही. पण तो जग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हातमोजा पेशंटसाठीही असतो हे मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना व्याख्यानं होतात, सिस्टर लोकांना ट्रेनिंग होतं. मामा, मावशी, पोर्टेबल एक्स-रे घेऊन येणारा मुलगा, फिजिओथेरपीवाल्या मॅडम, ट्रॉली ओढणारे, हे सगळे दिवसभर पेशंटला हात लावतात आणि जंतू कसा फिरतो हे त्यांना कोणी समजावत नाही. कामाच्या पहिल्या दिवसाआधी, मराठीत किंवा हिंदीत, प्रत्येकाला हे दाखवलं गेलं पाहिजे. यात खर्च असा किती आहे?

रात्रपाळी

ताई, वडील घरी आले हे वाचून बरं वाटलं. पण तुमचं निदान मला पटत नाही. मी बावीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आम्हाला माहीत नसतं असं नाही. हात कधी स्वच्छ करायचे त्या पाच वेळा मी झोपेत सांगेन: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या खाटेला, लॉकरला हात लागल्यावर. डब्ल्यूएचओचा तो तक्ता आमच्या बेसिनवर चिकटवलेला आहे.

आता हिशेब ऐका. माझ्या वॉर्डात खाटा चाळीस आणि रात्री सिस्टर दोन. एका पेशंटजवळ रात्रभरात सहा वेळा जावं लागतं असं धरा: इंजेक्शन, सलाईन, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), सक्शन (नळीने कफ ओढणं). दर वेळी आधी एकदा आणि नंतर एकदा हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं जंतुनाशक. म्हणजे चारशे ऐंशी वेळा. नीट चोळायचा तर वीस सेकंद कमीत कमी. झाले दोन तास चाळीस मिनिटं, दोघींत वाटले तरी प्रत्येकीला एक तास वीस मिनिटं फक्त हात चोळायला. हे चाळीस पेशंटचं. पावसाळ्यात दोन खाटांच्या मध्ये गादी घालून आणखी पंधरा जण खाली असतात. त्यांना सलाईन लावताना मी गुडघ्यावर बसते, एक हात जमिनीवर टेकून. तो हात मी मग काय करू?

अज्ञान म्हटलं की दोष आमच्याकडे येतो आणि माणसं भरायचा प्रश्न बाजूला पडतो. म्हणून मला तो शब्द झोंबला.

स्लाइडखाली

मी मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत आहे. रात्रपाळींचा हिशेब मान्य. तरीही मी भांडुपच्या ताईंच्या बाजूने उभा राहीन, कारण लोकांना जे माहीत आहे असं आपण धरून चालतो ते खरंच माहीत नसतं.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज असा की औषधाची सवय पेशंटच्या शरीराला होते. "ह्यांनी फार गोळ्या खाल्ल्या, म्हणून आता लागू पडत नाही." हे मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलं आहे. सवय शरीराला होत नाही, प्रतिकार जंतूत तयार होतो. आणि तसा जंतू, ज्याने जन्मात ते औषध घेतलेलं नाही अशा माणसाकडेही जातो. ही एक गोष्ट कळली की पुढचं आपोआप कळतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा आजार माझ्या हातून माझ्या पेशंटला होऊ शकतो, हे तेव्हाच खरं वाटतं.

दुसरं म्हणजे कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर तो पेशंट सगळ्यांच्या लेखी साधा पेशंट. शिवाय कित्येकांच्या आतड्यात हे जंतू असतात आणि त्यांना ताप नसतो, काही नसतं. म्हणजे ज्याच्या रिपोर्टवर लाल शिक्का तेवढ्यालाच जपून हात लावायचा, ही पद्धतच फसवी. असिनेटोबॅक्टर हा रुग्णालयांतला जंतू तर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, आठवडेसुद्धा टिकतो: खाटेचा कठडा, मॉनिटरचं बटण, बीपीचा पट्टा. तो पट्टा दोन पेशंटच्या मध्ये पुसलेला कुणी पाहिला आहे?

मुंबईला हे नवं नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये स्वतःच छापलं होतं, की २००९ च्या तीन महिन्यांत कार्बापेनेम या जोरदार अँटिबायोटिक्सना दाद न देणारे २४ जंतू तपासले, त्यांतले २२ एनडीएम-१ वाले निघाले. एनडीएम-१, म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, हे ती औषधं मोडून टाकणारं एन्झाइम. त्या वर्षी दिल्लीचं नाव त्या एन्झाइमला का दिलं यावर देशभर रान पेटलं, आणि आपल्या डॉक्टरांनी काय लिहिलं होतं ते बाजूलाच राहिलं. एनडीएम-१ चं जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जातं. म्हणजे तुमच्या जगमध्ये दोन पेशंटचे जंतू एकत्र येणं ही नुसती अस्वच्छता नाही.

मेडिकलवाला

सगळे रुग्णालयाच्या मागे लागलेत. मूळ बाहेर आहे. सर्दी झाली की अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या मागणारं गिऱ्हाईक रोज येतं. दोन घेतो, बरं वाटलं की तिसरी ठेवून देतो. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ हा औषधविक्रीचा नियम लागू आहे, वरच्या दर्जाच्या अँटिबायोटिक्ससाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी, रजिस्टरला नोंद हवी. मी ठेवतो. मी नाही म्हटलं की तो गल्लीच्या टोकाला जाऊन घेतो. आधी हे थांबवा, मामांना मग शिकवा.

स्लाइडखाली

आधी आणि मग असं नाही हो. औषधं वाटेल तशी वापरल्याने तसे जंतू निपजतात आणि वाढतात, हे तुमचं खरं. पण निपजलेला जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर चालत जात नाही, त्याला कुणीतरी नेतो. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली असा अंदाज लॅन्सेटमध्ये आला होता. उद्या सगळी मेडिकल स्टोअर्स सुतासारखी सरळ झाली तरी आजच्या वॉर्डातले जंतू तिथेच असतील.

रात्रपाळी

यात एक राहिलं. छोट्या नर्सिंग होममध्ये दहा-बारा दिवस आयसीयूत काढतात, पैसे संपतात, मग ॲम्ब्युलन्सने आमच्याकडे. सोबत फाईल जाडजूड, पण कल्चरचा कागद नसतो किंवा तळाशी कुठेतरी असतो. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, किती दिवसांचा आहे ते लिहिलेलं नसतं. आम्ही त्याला जागा असेल तिथे घेतो, कारण परत पाठवता येत नाही. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन येतो. तोवर त्या पेशंटला किती जणांचे हात लागले असतील?

चाळीतला अभ्यास

माझी आई कंत्राटी सफाई कामगार आहे, नऊ वर्षं. तिला वाचता येतं, पण संसर्ग असलेल्या पेशंटच्या खाटेवर इंग्रजीत लावलेली सूचनेची पाटी वाचता येत नाही. ती पाटी म्हणजे पेशंटला एड्स आहे, असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं आणि ती त्या खाटेखाली घाईघाईत पोछा मारून सुटायची. म्हणजे जिथे जास्त पुसायला हवं तिथेच कमी. हे तिनेच मला सांगितलं.

मग एका इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने सगळ्या मावश्यांना जमवून हाताला एक मलम लावायला दिलं, नेहमीसारखे हात धुवायला सांगितले, आणि खोली अंधारी करून निळा दिवा धरला. आईच्या अंगठ्याभोवती आणि नखांच्या कडेला सगळं चमकत होतं. घरी येऊन तिने मला तिच्या बोटांवर दाखवलं, कुठे कुठे राहिलं होतं ते. त्या दिवसापासून ती भाकरीचं पीठ मळण्याआधीसुद्धा अंगठा वेगळा चोळते.

म्हणून रात्रपाळी मॅडम, शिकवल्याने फरक पडतो. पण भांडुपच्या ताई, तुमचंही अर्धंच. चार महिन्यांनी कंत्राटदार बदलला. आईला दुसरीकडे टाकलं, तिच्या बरोबरच्या निम्म्या बायका घरी बसल्या. त्या वॉर्डात नव्या आल्या, त्यांना तो दिवा कुणी दाखवलेला नाही. ज्याला पुढच्या महिन्यात काम आहे की नाही माहीत नाही, त्याला तुम्ही किती वेळा शिकवणार?

भांडुपची लेक

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

रात्रपाळी ताई, अज्ञान हा शब्द मी मागे घेते. चारशे ऐंशी वेळा हात चोळायचा हिशेब मी कधी मनात केला नव्हता. पण जगचं मी सोडणार नाही. प्रत्येक पेशंटला स्वतःचं मोजायचं भांडं आणि तोटी कडेला न टेकवण्याची सवय, याला जास्त सिस्टर लागत नाहीत. चाळीस जग लागतात. हे माणसं भरेपर्यंत थांबायचं कारण नाही. आणि ते का हवेत हे मामांना माहीत असेल तर ते स्वतः मागतील.

माझा प्रश्न वेगळा आहे. पेशंटजवळ बसलेल्या माझ्यासारखीने त्या वेळी काय करायचं? मी विचारलं, पण पुढे बोलायला घाबरले. वडील त्यांच्याच हातात होते.

रात्रपाळी

मामांना सगळ्यांसमोर बोलू नका, ते खरंच दुखावतात आणि मग हट्टाला पेटतात. ड्यूटीवरच्या सिस्टरकडे जा, रात्री नाही, सकाळी ओव्हर झाल्यावर, म्हणजे एका पाळीने दुसरीला काम सोपवल्यावर. म्हणा, "बाबांसाठी मी वेगळं भांडं आणून देऊ का?" मी तरी नाही म्हणणार नाही. आणि रोज सकाळी राऊंडला डॉक्टरांना विचारा, "कॅथेटर अजून लागतोय का?" कॅथेटर गरजेपेक्षा दोन दिवस जास्त राहणं हेही इन्फेक्शनचं कारण असतं, आणि ते विसरलं जातं. स्वतःही हँडरब लावा. नातेवाईक एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर डबा देतात, उशी देतात, पाय दाबून देतात.

जगचं मान्य. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, मी स्वतः लिहीन. पण माणसांचं मी सोडणार नाही. तुम्ही जग म्हणाल आणि वरचे लोक जग देऊन मोकळे होतील, ही माझी भीती खरी आहे.

चाळीतला अभ्यास

आईला आत्ता हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्याकडे मागच्या महिन्यात खाटेगणिक भांडी आली, त्यांवर नंबर टाकलेत. ती सगळी धुवायला मोरी एकच आहे आणि पाणी सकाळी आठनंतर बारीक होतं. तिने विचारलंय की नंबर असलेली भांडी एकाच बादलीत बुडवून धुतली तर चालतं का. स्लाइडखाली सर, तिला काय सांगू?

स्लाइडखाली

नाही चालत. बादलीत बुडवली की सगळ्यांचं एकत्र झालं, नंबराला अर्थ राहिला नाही. भांडं वापरून झालं की लगेच, एकेक, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, मग तिथल्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर सांगतील त्या द्रावणात सांगतील तेवढा वेळ, आणि उपडं घालून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. ओलं ठेवलं तर जंतू वाढतात. आणि पाणी आठनंतर बारीक होतं हे आईंना त्याच सिस्टरच्या कानावर घालायला सांगा, तारीख-वारासकट. ते इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या बैठकीत लिहून घेतलं गेलं पाहिजे.