मदत हवी आहे : काकांच्या फोनमधलं खोटं चलान अ‍ॅप काढलं, तरी मेसेज गायब होताहेत

जाणकार मंडळींनो, तातडीने मदत हवी आहे.

माझे काका तासगावला असतात, द्राक्षबाग आहे. गावातल्याच एका ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल आली. पीडीएफ नव्हती, एपीके होती, म्हणजे उघडली की थेट अ‍ॅप बसवणारी फाईल. पाठवणारा रोजच्या बसण्या-उठण्यातला, आणि गाडीचं चलान खरंच थकलेलं असू शकतं, म्हणून त्यांनी ती उघडली. फोनने बाहेरचं अ‍ॅप घेऊ द्यायचं का ते विचारलं, मग त्या अ‍ॅपने मेसेज वाचायची आणि पाठवायची परवानगी मागितली. दोन्हीला होकार दिला गेला. पुढे ‘पडताळणीसाठी एक रुपया भरा’ असं पान आलं आणि त्यात डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, पिन सगळं भरून झालं.

त्याच दुपारी खात्यातून ४८,००० रुपये गेले. फोनवर ना ओटीपी दिसला, ना पैसे गेल्याचा मेसेज. औषधवाल्याचं बिल द्यायला गेले तेव्हा शिल्लक पाहून कळलं. काकांनी तिथूनच बँकेच्या हेल्पलाईनला फोन लावला, कार्ड बंद करून घेतलं, तक्रार क्रमांक घेतला. चुलतभावाने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवली. आणि एवढं सगळं झाल्यावर रात्री आणखी २०,००० यूपीआयने गेले!

मी पुण्यात. व्हिडिओ कॉलवर सांगून ते चलानचं अ‍ॅप काढायला लावलं. पण मी माझ्या फोनवरून काकांना साधा मेसेज टाकला तर तो त्यांच्याकडे क्षणभर झळकतो आणि नाहीसा होतो. सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी उघडली की फोन आपोआप मागे येतो. काकू तर फोनला हातही लावायला तयार नाहीत.

अ‍ॅप गेलं तरी आत काय उरलं आहे? फोन पूर्ण पुसला तर बागेचे आणि नातीचे फोटो वाचवता येतील का, की त्यांच्याबरोबर हा किडाही परत येईल? कार्ड बंद असताना यूपीआय चाललं कसं? बँकेत म्हणतात, ‘माहिती तुम्हीच दिलीत, आता आम्ही काय करणार.’ हे खरंच एवढ्यावर संपतं का? फोन अँड्रॉइड १० चा आहे आणि सुरक्षा अपडेटची तारीख २०२१ ची दाखवतो.

प्रतिसाद १

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. असे फोन सतत येतात. कधी चलान, कधी लग्नपत्रिका, कधी वीजबिल.

सगळ्यात आधी सिमकार्ड बाहेर काढा आणि वायफाय बंद करा. बाकीचं नंतर. आत जे आहे ते मेसेज वाचून पुढे धाडतं, त्याची वाटच तोडायची. ते सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज काकांनाच मिळतील.

तुम्ही काढलंत ते बहुतेक नुसतं दार होतं. ही अ‍ॅप दोन टप्प्यांत येतात : पहिलं दिसतं, ते ‘अपडेट’ म्हणून दुसरं आत सोडतं, आणि दुसऱ्याला चिन्ह नसतं. सेटिंग आपोआप बंद होतंय याचा अर्थ त्याने अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगीही घेतली आहे, म्हणजे स्क्रीन वाचणं आणि तुमच्या वतीने बटण दाबणं. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा (पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’ दिसलं की त्यावर बोट दाबून धरा). त्यात बाहेरची अ‍ॅप चालत नाहीत. मग अ‍ॅपची पूर्ण यादी पाहा. अनइन्स्टॉलचं बटण फिकट दिसलं तर ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’मध्ये (फोनवर जास्तीचा ताबा दिलेल्या अ‍ॅपच्या यादीत) जाऊन आधी त्याची खूण काढा. मेसेजचं मुख्य अ‍ॅप म्हणून कोण बसलंय तेही बघा.

फोटो खुशाल वाचवा. सेफ मोडमध्येच केबलने कॉम्प्युटरवर घ्या, फक्त फोटोंचं फोल्डर. डाउनलोडचं फोल्डर उचलू नका, एपीके तिथेच पडलेली असते. मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसणं, आणि अ‍ॅप एकेक करून प्ले स्टोअरवरून नव्याने. गुगलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइस’ तपासून अनोळखी असेल ते बाहेर काढा, दोन टप्प्यांचा पिन लावा. आणि काकांच्या ओळखीच्यांना आजच फोन करून सांगा, कारण ती फाईल आता काकांच्या नावाने फिरत असणार. त्या गाववाल्याचंही असंच झालं असेल, त्याच्यावर राग धरू नका.

प्रतिसाद २

बँकेतून निवृत्त झालोय, म्हणून पैशांपुरतं लिहितो.

यूपीआय सुरू होताना फोन स्वतःच्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज पाठवतो आणि त्यावरून ‘हा नंबर याच हातात आहे’ असं ठरतं. काकांच्या फोनमधून मेसेज पाठवता येत होते, म्हणून चोराला ही नोंदणी आपल्या फोनवर उभी करता आली. यूपीआय पिन ठेवायला कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि ओटीपी लागतो. ते सगळं हाताशी होतंच. नंतर कार्ड बंद केल्याने आधी ठेवलेला पिन मरत नाही. यूपीआय आणि मोबाईल बँकिंग वेगळं बंद करायला सांगावं लागतं; हे हेल्पलाईनवरच्या माणसाने स्वतःहून विचारायला हवं होतं.

आता मुद्दा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचा. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तर नुकसान त्याचं, पण फक्त बँकेला कळवेपर्यंतचं. कळवल्यानंतर जे जातं ते बँकेने सोसायचं. म्हणजे ४८,००० वर वाद होईल, रात्रीच्या २०,००० वर नाही. दोन्ही रकमा एकाच अर्जात मिसळू नका, नाहीतर उत्तरही एकत्रच ‘नाही’ असं येईल. वेगळी मागणी करा, हेल्पलाईनला केलेल्या फोनची वेळ कॉल लॉगमधून द्या, तक्रार क्रमांक द्या, शाखेची पोच घ्या. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार त्या परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, तेही लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते, फी नाही. १९३० ची तक्रार क्रमांकासकट जोडा. पैसे पुढच्या खात्यात अडकले असतील तर ते गोठवण्याचा रस्ता तोच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल भाऊ बसला फोन घेऊन. सेफ मोडमध्ये यादीत सगळ्यात वर एक ओळ निघाली, नावाच्या जागी काहीच नाही, चिन्ह तो साधा हिरवा रोबोट. अनइन्स्टॉल फिकटच होतं. अ‍ॅडमिनमधली खूण काढल्यावर गेलं. फोटो घेतले, फोन पुसला. आता माझे मेसेज जागेवर राहतात.

फोन पुसण्याआधी भावाने त्या नाव नसलेल्या ओळीचा आणि तिच्या परवानग्यांचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवला आहे. तक्रारीला जोडू. हाच फोन बँकेसाठी पुढे चालवावा का?

प्रतिसाद ३

बँकेसाठी नको. अपडेट थांबलेल्या फोनमध्ये सापडलेली भोकं बुजत नाहीत, हे एक. दुसरं, बाहेरून आलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी सहज मिळू न देणारी आडकाठी अँड्रॉइड १३ पासून आली, ती १० मध्ये नाहीच. नवीन महागडा घ्यायची गरज नाही, अजून काही वर्षं अपडेट मिळतील असा कुठलाही चालेल. चलान खरं आहे का ते गाडीचा नंबर टाकून परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर दिसतं, एवढं काकांना एकदा हाताने करायला लावा.

धागाकर्ता

फोन बदलतो. २०,००० साठी वेगळा अर्ज लिहून शाखेत दिला, आधी घ्यायलाच तयार नव्हते, परिपत्रकाची प्रत समोर ठेवल्यावर शिक्का मारून पोच दिली. ४८,००० चाही अर्ज स्वतंत्र दिला आहे. कळवल्यानंतर गेलेल्या रकमेसाठी कुणी लोकपालापर्यंत गेलं असेल तर कोणते कागद मागितले आणि हेल्पलाईनच्या फोनचं रेकॉर्डिंग बँकेकडून कसं मिळवलं, ते कृपया इथे लिहा.