मदत हवी आहे: घरी जोडलेल्या पीसीवर कोणती ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू? (अर्जंट)

मिरजकर_०७:
पीसी घरीच जोडला. पंखा फिरतोय, बायोस (बोर्डाच्या सेटिंगची स्क्रीन) दिसतंय. पण विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह लावला की या पीसीवर चालणार नाही म्हणतंय. नवा कोरा पीसी असून! १० टाकू की लिनक्स? शनिवारपर्यंत चालू पाहिजे. लवकर सांगा.

पेंग्विनवाला:
लिनक्स मिंट टाका. विषय संपला.

चहा_कमी_साखर:
प्रोसेसर? बोर्ड? रॅम? आणि पीसीवर करणार काय? "नवा कोरा" हे काही मॉडेल नाही.

मिरजकर_०७:
रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड (मित्राकडून, सेकंडहँड), १६ जीबी, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क. वापर नेहमीचाच.

चहा_कमी_साखर:
टीपीएम, म्हणजे अकराला लागणारी सुरक्षा चिप, बंद असणार. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) शोधून चालू करा, सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करा, सिक्युअर बूट बघा. मग अकरा गपगुमान बसेल. दहाच्या नादी लागू नका, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला.

पेंग्विनवाला:
म्हणजे बायोसमध्ये झटापट करा, ऑनलाइन खातं काढा, वर लायसन्सचे पैसे भरा. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात लागत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सासऱ्यांना टाकून दिलंय, तीन वर्षांत एक फोन नाही.

ठोकळा:
सासरे पीसी चालू करतात का, ते विचारा आधी.

उडालेला_फ्यूज:
ओएस नंतर. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कुठला? कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर आजच काढा. माझा दिवाळीत गेला, जाताना बोर्ड घेऊन गेला.

मिरजकर_०७:
एसएमपीएस चांगला आहे हो. एफटीपीएम सापडलं, आता पुढे जातंय, धन्यवाद. एक विचारायचं राहिलं. बाबांचं पेजमेकर (पानं जुळवायचं) आणि श्रीलिपी (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) चालेल ना? ते लग्नपत्रिका करतात. शनिवारी एक द्यायची आहे.

चहा_कमी_साखर:
आणि हा "नेहमीचा वापर"!!

कळफलक_मावशी:
वीस वर्षं डीटीपी केलंय म्हणून विचारते, लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ते, कसलं आहे? स्क्रूने बसणारं जाडं असेल तर ते प्रिंटर पोर्टचं, आणि नव्या बोर्डाला ते पोर्ट बहुतेक नसतंच. यूएसबीचं असलं तरी त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) जुना ३२ बिटी निघाला तर गेलं. अकरा फक्त ६४ बिटीच आहे, त्यावर तो चढत नाही.

पेंग्विनवाला:
पेजमेकरऐवजी स्क्रायबस आणि श्रीलिपीऐवजी युनिकोड. एकदाच त्रास होईल.

कळफलक_मावशी:
दादा, पत्रिका शनिवारी आहे. जुन्या फाइलींत युनिकोड नाही, फाँट नसलेल्या पीसीवर श्री गणेशाय नमः च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टर आहेत, पण रफार न् रफार डोळ्यांखालून घालावा लागतो. माझ्या पाचशे पत्रिका "शुभाशीवाद" घेऊन गावभर गेल्यात. मिरजकर, जुना पीसी नेट काढून पत्रिकांपुरता राहू दे, नव्यावर काय वाटेल ते टाका. जुना आहे ना?

मिरजकर_०७:
खोलला. कॅबिनेट, मॉनिटर नव्याला लावले. बोर्ड, हार्डडिस्क माळ्यावर.

जीजी_भाऊ:
कुणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो, व्हॅलोरंट गेम लिनक्सवर चालत नाही.

मिरजकर_०७:
बाबा ६४ वर्षांचे आहेत.

कळफलक_मावशी:
मग आधी माळ्यावर चढा.

मिरजकर_०७:
उतरवला. टेबलावर पेपर पसरून जोडला, स्क्रू ड्रायव्हरने पॉवर बटणाच्या दोन पिना टेकवून चालू केला. विंडोज एक्सपी आलं! लॉक बोर्डाच्या मागेच होतं, बाबा दोन दिवस कपाटात शोधत होते. पेजमेकर उघडलं. नव्यावर अकरा बसवतोय, पेंग्विनवाले रागावू नका. पण आता एक्सपीला पेन ड्राइव्ह वाचता येत नाहीये, प्रेसवाल्याला फाइल देऊ कशी?

चहा_कमी_साखर:
कितीचा? कुठल्या फॉरमॅटचा?

मिरजकर_०७:
सँडिस्कचा.

चहा_कमी_साखर:
कंपनी नाही हो विचारली. एक्सफॅट असेल तर साधं एक्सपी वाचत नाही. नव्या पीसीवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि मग लावा. आत काही असेल तर आधी काढून घ्या.

मिरजकर_०७:
आत अकराचं सेटअप आहे. ४३ टक्क्यांवर आलंय.

ठोकळा:
त्याला हात लावू नका, दुसरा आणा.