१० गुंठ्यांत रंगीत ढोबळी: पॉलिहाऊस घ्यावं की शेडनेटवर भागेल?

मळेकर७
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुका, मध्यम काळी जमीन, विहिरीच्या पाण्याचा ईसी (क्षारांचं माप) १.४. लाल-पिवळी ढोबळी मिरची करायची आहे, लागवड जूनअखेर. पॉलिहाऊसवाला म्हणतो, कागदाकडे (छपराच्या प्लास्टिककडे) पाच वर्षं बघायला नको. शेडनेटवाला म्हणतो, कमी पैशात तेच काम होतं. फायदे सगळेच सांगतात, तोट्यांवर कोणी बोलत नाही. दोन्ही बाजू सांगा.

कागदवाला_पण_विकत_नाही
जूनअखेर लागवड म्हणालात, तिथेच निम्मं उत्तर आलं. शेडनेट ऊन अडवतं, पाऊस नाही. पानं ओली राहिली की जिवाणूजन्य ठिपके, फळकूज, मर मागे लागतात. शिवाय पावसाळ्यात आधीच ढगाळ, त्यात ५० टक्के सावली. शेंडे लांबतात, फूल गळतं. याच हंगामात फळ धरायचं तर पॉलिहाऊसच.

आता तोटे. कागद २०० मायक्रॉनचा, यूव्ही स्टॅबिलाइझ्ड (उन्हाने लवकर खराब न होणारा) असतो. तीन-चार वर्षं धरा. फाटला नाही तरी धूळ आणि शेवाळाने उजेड कमी होतो, म्हणून पावसाळा संपला की छप्पर मऊ ब्रशने धुवायचं. मेख अशी की तापलेल्या पाइपाला जिथे कागद टेकतो तिथेच तो आधी जळतो. त्या पट्ट्याला वरून पांढरा रंग द्या. गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधं वारंवार वापरली तर कागदाची ऊन सोसायची ताकद लवकर जाते. गंधकाची धुरी तर नकोच.

बदलायचा खर्च आजच काढून ठेवा. १००० चौ.मी. जमिनीवर छप्पर आणि खालचा पट्टा मिळून साधारण १४०० चौ.मी. कागद लागतो. २०० मायक्रॉनचा एक किलो सव्वापाच ते साडेपाच चौ.मी. भरतो, म्हणजे २६० किलोच्या आसपास. हा आकडा कोटेशनमध्ये कोणी लिहून देत नाही.

वाऱ्याचं सांगतो, कारण वळवात पॉलिहाऊस जातं ते बहुधा एकाच चुकीने. वाऱ्याच्या बाजूचा पडदा उघडा आणि समोरचा बंद राहिला की आत हवा कोंडून छप्पर फुग्यासारखं उचललं जातं. आधी वाऱ्याकडचा पडदा पाडा, मग बाकीचे. प्रोफाइलमधली (कागद अडकवायच्या पट्टीतली) झिगझॅग स्प्रिंग दर महिन्याला चाचपा. हातभर सैल कागद फडफडला की पुढचा सगळा उसवतो. अगदीच सांगाडा हलायला लागला तर कागदावर सरळ कोयता चालवावा. कागद परत घालता येतो, वाकलेले खांब नाही.

निळीजाळी
वरच्यांशी बरंचसं सहमत, पण एप्रिल-मे विसरू नका. बाहेर ३८ अंश असताना आत दोन-चार अंश जास्तच, आणि ढोबळी ३५ च्या वर फूल टाकते. म्हणून उंचीत काटकसर नको: गटार (छपराची पन्हळ) चार ते साडेचार मीटरवर, माथा सहा ते साडेसहावर. माथ्याची खिडकी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उघडणारी हवी. गटार उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे त्याची सावली दिवसभर सरकते. एकाच ओळीवर बसून राहत नाही.

फॉगरवर (पाण्याचं धुकं सोडणाऱ्या नोझलवर) विसंबू नका. १.४ ईसीचं पाणी फवारलं की नोझल तुंबतात आणि पानांवर क्षार बसतात. आत गटाराच्या उंचीला सरकती ५० टक्के जाळी लावा, सकाळी अकरा ते चार ओढा, ढगाळ दिवशी गुंडाळा.

पीक जानेवारीतच संपवणार असाल तर हा खटाटोप निम्मा होतो. आणि डिसेंबर ते एप्रिल एवढंच पीक घ्यायचं असेल तर माझं मत शेडनेटलाच.

मळेकर७
पीक मार्चपर्यंत ठेवायचं आहे. बेड आहे त्याच मातीचे केले तर चालतील का?

वाफसा
काळ्या मातीत नको, निचरा होत नाही. तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळून बेड भरा: रुंदी ९० सेंमी, उंची ४० सेंमी, मधली वाट ५० सेंमी. १० गुंठ्यांत सुमारे ६५० मीटर बेड बसतो. माती ८५ ते ९० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन ओळींत रोपं ४५ सेंमीवर नागमोडी लावली तर २९०० च्या आसपास रोपं.

वर पाऊस अडतो म्हणून चर्चा झाली, पण खरा तोटाही त्यातच आहे. पाऊस जमिनीतले क्षार धुऊन नेतो, तो इथे पडत नाही. तुमचं १.४ चं पाणी, त्यावर विद्राव्य खतं. दुसऱ्या वर्षी बेडच्या कडेला पांढरी पपडी दिसेल. उपाय छपरावरच आहे. ६०० मिमी पाऊस झाला तर १००० चौ.मी. छपरावर सहा लाख लिटर पडतं. गळती-उडती धरूनही पावणेपाच-पाच लाख लिटर गटारातून शेततळ्यात नेता येतं. हे पाणी विहिरीच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा आणि दोन पिकांच्या मध्ये खत न घालता बेड भरपूर भिजवून क्षार खाली ढकला.

दुसरं, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत). तेच पीक त्याच बेडवर दोन-तीनदा घेतलं की मुळांना गाठी येतात. एप्रिल-मेमध्ये बेड ओले करून पातळ पारदर्शक कागदाने चार ते सहा आठवडे झाकून ठेवा, कडा मातीने गच्च दाबा. नंतर निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी). जुनी मुळं मात्र आधी उपटून बाहेर जाळा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

अनुदानासाठी महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर) अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खड्डेसुद्धा खणू नका.